अक्रोडाच्या पाच फळ्या

तिचे तळवे काळे होते. तो मळ नव्हता, अक्रोडाच्या लाकडाचा रंग होता. ओलं लाकूड, ओला हात आणि लोखंड एकत्र आले की हे लाकूड शाई सोडतं, आणि ती शाई साबणाला दाद देत नाही. लेक शाळेत होती तेव्हा आई शाळेच्या फाटकाशी पदरात हात लपवून उभी राहायची. लेकीला तेव्हा ते बरं वाटायचं. आता त्याची आठवण झाली की तिला कुठे बघावं ते कळत नाही.

मिस्त्री फर्निचर करायचे आणि ती त्याला तेल लावायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचं काम तीस वर्षं असंच वाटलेलं होतं. करवत, रंधा, पटाशी त्यांची. पॉलिश पेपरचा शेवटचा हात, जवसाचं तेल, मेण हे तिचं. गिऱ्हाइकं तिला मागे ‘तेलवाली’ म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. फोनवर तीच सांगायची, “तेलवाली बोलतेय, मिस्त्री जेवतायत.”

ती फडक्याने तेल लावत नसे. तळहाताने लावायची. म्हणायची, फडकं तेल पुसतं, हात तेल पाजतो. पहिला हात पोटभर, दुसरा चवीपुरता, तिसरा नुसता डोक्यावरून फिरवल्यासारखा. फडकं फक्त जास्तीचं तेल टिपायला. मग ती तेलकट फडकी दोरीवर एकेक करून पसरायची. बोळा करून ठेवली तर तापतात आणि आपोआप पेटतात, असं मिस्त्रींनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिला सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, घरात नवरा असताना वेगळी आग कशाला.

फर्निचर पोचवायला गेलं की गिऱ्हाइकाला सूचनाही तीच द्यायची. अक्रोड फार कठीण नाही आणि फार मऊही नाही, मधला आहे, माणसासारखा वागवा. गरम भांडं थेट ठेवू नका. पाणी सांडलं तर लगेच पुसा. ओली लोखंडी कढई तर चुकूनही ठेवू नका, काळं कडं उमटेल आणि मग मला शिव्या द्याल. आणि उन्हाचं लक्षात ठेवा. बाकीची कितीतरी लाकडं वयानुसार गडद होतात, हे उलट फिकट होत जातं. “म्हातारपणी गोरं होणारं लाकूड,” ती म्हणायची. “आपल्या नशिबात ते नाही, निदान टेबलाच्या तरी असू दे.”

हे सगळं इतरांच्या घरी. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दगडी ओटा होता. कोपऱ्याला चीर गेलेला, सकाळी बर्फासारखा गार. तिच्या बोटांची पेरं दुखायची. त्या दगडावर पीठ मळायला उभी राहिली की आधी दोन्ही हात काखेत धरून उबवायची. आणि आवाज. दगडावर काहीही ठेवलं तरी ठण्ण. ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि चोरासारखी भांडी ठेवायची. लाकडी ओट्यावर कसं, भांडं ठेवलं तरी ओट्याला कळत नाही, असं ती म्हणायची. तिला अक्रोडाचा ओटा हवा होता. दागिने, प्रवास, दुसरं काही तिने कधी मागितलं असं मिस्त्रींना आठवत नाही. त्यांनी खूप आठवून पाहिलं.

सात वर्षांपूर्वी एक झाड पडलं. पडलं म्हणजे पाडलं. रस्ता रुंद करायचा होता, त्यात एक जुनं घर गेलं आणि त्याच्या अंगणातलं अक्रोडाचं झाडही. वखारवाल्याने मिस्त्रींना बोलावून घेतलं. ती बरोबर गेली. खोडाची पहिली फळी करवतीखालून सुटली तेव्हा आतला गाभा जांभळट तपकिरी होता, कडेला सालीलगत दोन बोटं फिकट पट्टा. एका जागी निळंकाळं वर्तुळ होतं, रुपयाएवढं. त्या घरच्या कुणीतरी कधीकाळी कपडे वाळत घालायची दोरी बांधायला झाडात खिळा ठोकला होता. झाड वाढलं, खिळा आत गेला आणि लाकडाने त्याच्याभोवती शाई सोडली. पाचही फळ्यांत तो डाग त्याच जागी उतरला, पहिल्या फळीत मोठा, मग लहान लहान होत पाचवीत मसुराएवढा.

“यातल्या दोन माझ्या,” ती म्हणाली. “ओट्याला.”

“दोन काय, पाचही तुझ्या,” मिस्त्री म्हणाले. वखारवाल्यासमोर म्हणाले. “ओटा करू, वर मांडणी करू, उरलं त्यात तुला बसायला बाक.”

वखारवाला हसला. म्हणाला, वहिनी, लिहून घ्या.

तिने लिहून घेतलं नाही. पण लिहायचं काम मात्र तिच्याकडेच आलं. ओलं लाकूड लगेच वापरता येत नाही. इंचाला एक वर्ष असा मिस्त्रींचा हिशेब. फळ्या दोन इंच जाडीच्या, म्हणजे दोन वर्षं, वर एखादं. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून चळत रचायची, वारा फिरू द्यायचा, टोकांना मेण लावायचं म्हणजे तडकत नाहीत. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फळी काट्यावर ठेवायची. वजन उतरत जातं. उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

काटा जुन्या धान्याच्या दुकानातला होता, खाली फळा आणि वर सरकवायचं वजन. मिस्त्री वाचायचे, ती पेन्सिलीने फळीच्या टोकाशी लिहायची. कापून आणली त्या दिवशी पाचवी फळी एक्केचाळीस किलो भरली. मग अडतीस. मग छत्तीस. ती म्हणायची, मी महिनाभर अर्धी भाकरी कमी केली तरी माझं एवढं उतरत नाही. तिसऱ्या वर्षी फळी अठ्ठावीस किलो चारशेवर आली. पुढच्या महिन्यात तेवढीच. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

म्हणजे लाकूड वाळलं होतं. आणि त्याच महिन्यात शाळेच्या बाई आल्या.

बाई मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होत होत्या. त्यांना एक मोठं टेबल हवं होतं, अक्रोडाचंच, आणि महिन्याभरात हवं होतं. वखारीत वाळलेला अक्रोड नव्हता. शेडमध्ये होता. मिस्त्रींना वाटलं, घरचं काय, घरच्याला कधीही होईल. ती दोन दिवस बहिणीकडे गेली होती तेवढ्यात त्यांनी चळतीतून दोन फळ्या काढल्या आणि कापल्या. ती आल्यावर सांगितलं, वखारवाल्याकडे दोन जुन्या फळ्या निघाल्या. चळतीत खाली दुसऱ्याच लाकडाच्या दोन फळ्या सरकवून वर गोणपाट टाकलं. पुढच्या वर्षी आणखी दोन गेल्या, एका कॉफीच्या दुकानाच्या काउंटरला. ते दुकान वर्षभरात बंद पडलं. काउंटर कुणी, कुठे नेला, कळलं नाही.

दोन्ही कामांना तेल तिनेच लावलं.

राहिली पाचवी फळी. एका फळीत ओटा होत नाही, रुंदीला दोन लागतात. जोडीला दुसऱ्या झाडाची घ्यावी तर रंग जुळत नाही, अक्रोडाच्या दोन झाडांचा रंग सहसा एक नसतो. मिस्त्री जुळणारी फळी शोधत राहिले. आणि तोवर वेळ काढायला त्यांनी काटा खोटा वाचायला सुरुवात केली.

“एकोणतीस चारशे.” ती लिहायची. “हवा दमट आहे,” ते म्हणायचे, “पाणी परत पितं लाकूड.” तेही खोटं नव्हतं, लाकूड पितं. “एकोणतीस.” ती लिहायची. “तीसला टेकलं बघ पुन्हा.” ती पेन्सिल कानावर खोचत म्हणायची, ही फळी माझ्यावर गेलीय, उतरायचं नाव नाही.

तीन वर्षं असं चाललं. इतक्या वर्षांनी ते खोटं राहिलं नव्हतं, महिन्याचं काम झालं होतं.

मग तिचं पोट दुखू लागलं. आधी तिने ते अंगावर काढलं. नंतर तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. लेकीने बाबांना स्वयंपाकघरात सांगितलं, दगडी ओट्याला टेकून, खालच्या आवाजात. पाच महिने, फार तर सहा. मिस्त्री बराच वेळ ओट्याच्या चिरेत नख घालत उभे राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, हातात ताकद राहील ना तिच्या? लेकीला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, बाबा, ताकद कुठेच राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये गेले आणि त्यांनी गोणपाट ओढून काढलं. ओटा करायचा. एका फळीचा तर एका फळीचा, अरुंद तर अरुंद. तिचे हात चालतायत तोवर झाला पाहिजे. पाचवी फळी त्यांनी सुताराच्या लाकडी घोड्यांवर घेतली आणि खालची बाजू तपासायला उलटी केली. इतकी वर्षं ती फळी एकाच अंगावर उचलली आणि ठेवली जायची. पाठ त्यांनी पाहिलीच नव्हती.

पाठीवर पेन्सिलीने आकडे होते. तिचं अक्षर. तिचा ‘४’ मोडक्या खुर्चीसारखा असतो.

२८.४

२८.४

२८.५

२८.४

एकाखाली एक, एका बाजूने खाली येऊन दुसऱ्या बाजूला पुन्हा वरून सुरू. मिस्त्रींनी मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. ते कुठे फिटिंगला गेले की ती एकटी फळी काट्यावर उभी करायची. उभी केली की पाठ समोर येते. तिथे ती लिहायची. मग पुढच्या वेळी त्यांच्यासमोर, ते सांगतील तो आकडा, दुसऱ्या बाजूला.

त्यांनी फळी होती तशी पुन्हा पालथी केली. त्या दिवशी कामाला हात लावला नाही. तिने विचारलं तर म्हणाले, रंध्याला धार नाही.

तीन दिवस त्यांनी धार लावली. रंध्याच्या पात्यात तोंड दिसू लागलं.

डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन लिहून ठेवायला सांगितलं होतं. घरात दुसरा काटा नव्हता. लेक कामावर गेल्यावर ती भिंतीला धरत शेडमध्ये आली. फळीच्या काट्यावर चढली. हातात वही, कानावर पेन्सिल, सवयीने. काट्याचा दांडा मिस्त्रींच्या बाजूला होता. त्यांनी वजन सरकवलं. आणखी सरकवलं. अजून थोडं मागे घेतलं.

“शेहेचाळीस,” ते म्हणाले.

तिने पेन्सिल काढली नाही.

“अहो,” ती म्हणाली. “आता तरी खरं वाचा.”

शेडच्या पत्र्यावर कुठलातरी पक्षी नखं वाजवत चालत होता. तो पलीकडे गेला तेव्हा मिस्त्रींनी वजन पुन्हा मागे सरकवलं.

“एक्केचाळीस.”

तिने लिहिलं. “फळी आली तेव्हा तेवढीच होती.”

मग ती काट्यावरून उतरायला लागली आणि त्यांनी हात धरला. हात धरल्यावर त्यांना बोलता आलं. पाठीवरचे आकडे पाहिले, असं त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, कळलंच, तीन दिवस माझ्याकडे न बघता बोलताय. लपवालपवी तुम्हाला काट्यावरच जमते.

“का नाही बोललीस?”

“काय बोलायचं? बाईंच्या टेबलाला तेल लावताना खिळ्याचा डाग दिसला. माझा डाग मी ओळखणार नाही का?” ती चळतीवर बसली. दम लागला होता. “वाटलं, आज सांगतील. मग वाटलं, उद्या. तुम्ही काटा खोटा वाचायला लागलात तेव्हा मला बरंच वाटलं.”

“बरं?”

“माणूस खोटं बोलतो म्हणजे त्याला लाज आहे. लाज आहे म्हणजे ओटा होणार.” तिने काळे तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. “आता मात्र माझ्याकडे फार दिवस नाहीत हो. तुम्ही बाईंकडे जा.”

ते गेले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते तीनदा ठरवलं. स्वतः केलेलं, पैसे घेतलेलं, चार वर्षं वापरलेलं टेबल परत मागायचं, असं त्यांच्या धंद्यात कुणी केल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

बाईंचं टेबल खिडकीशी होतं. अर्धं उन्हात, अर्धं सावलीत. उन्हाकडची बाजू मधासारखी फिकट झाली होती. टेबलावर पुस्तकांचे ढीग होते. मिस्त्री खाली वाकले आणि टेबलाचा एक पाय हलवून बघू लागले. मग दुसरा.

“मिस्त्री,” बाई म्हणाल्या, “पाय तपासायला आलात की टेबल न्यायला?”

त्या शाळेत चाळीस वर्षं होत्या. समोरच्याच्या पोटात काय आहे ते त्यांना बाकाखालूनही दिसत असावं. मिस्त्री उठून उभे राहिले, आणि बाईंनीच सगळं सांगितलं. ती दरवर्षी यायची. मिस्त्री कामावर असताना. बरोबर डबी असायची तेलाची. पुस्तकं खाली ठेवायची, तेल लावायची, हात पुसायची, पुस्तकं होती तशी रचायची आणि जायची. पहिल्या वर्षी बाईंनी पैसे विचारले तर म्हणाली, बाई, हे लाकूड माझ्या ओट्याचं आहे, म्हणून बघून जाते. मिस्त्रींना सांगू नका.

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल आणि तुम्ही तोंड मिटून असाल,” बाई म्हणाल्या. “नवऱ्यांना ते छान येतं.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. “यंदा आली नाही. आजारी आहे का?”

मिस्त्रींनी मान हलवली.

“पुस्तकं उतरवायला मला अर्धा तास लागेल,” बाई म्हणाल्या. “तोवर बसा.”

शेवटचा ढीग उचलला तेव्हा खाली एक गडद चौकोन होता. तिथे चार वर्षं ऊन पोचलं नव्हतं. लाकूड खोडातून सुटलं त्या दिवशी जसं होतं तसंच.

टेबल सहा फुटी होतं, दोन फळ्यांचं. मिस्त्रींनी जोडावरून ते उभं कापलं. एका फळीचं बाईंना अरुंद मेज करून दिलं, लिहायपुरतं. दुसरी घोड्यांवर आली, पाचवीच्या शेजारी. एक मधासारखी फिकट, एक गडद. दोन वेगळी लाकडं वाटावीत अशी. तिला शेडच्या दारात खुर्ची टाकून दिली होती, पायांवर शाल. ती म्हणाली, ही गोरी कोण आणलीत?

मिस्त्रींनी रंधा मारला. कागदासारखे कुरळे छिलके निघाले. उन्हाने नेलेला रंग वरवरचाच असतो. चार हात फिरवले आणि खालून तोच जांभळट तपकिरी गाभा वर आला. शेडमध्ये अक्रोडाचा तो वास पसरला, थोडा गोड, थोडा तुरट. तिने डोळे मिटून घेतला.

पाचवी फळी त्यांनी सहा फुटांवर कापली. दोन्हीच्या कडा सरळ केल्या, सरस लावून शिकंज्यात आवळल्या. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढले आणि डोळे मिटून जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. कोणती बाजू वर ठेवायची ते त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, आकडे खाली जाऊ देत, पाहुण्यांना कशाला दाखवायचं आपलं.

जुना दगड काढायला एक पूर्ण दिवस गेला. नळाकडचा हातभर दगड तिने तसाच ठेवायला सांगितला, तिथे पाणी पडतं, आणि सहा फुटांत तो भाग बसणारही नव्हता. लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत थोडं कमीजास्त होतं, म्हणून खालून स्क्रूंना लांबट भोकं ठेवली. घट्ट आवळलं असतं तर दोन वर्षांत फाटलं असतं. दोन वर्षांचा विचार करताना मिस्त्रींचा हात थांबला. मग त्यांनी स्क्रू बसवले.

ओटा लागला त्या दिवशी ती उठून आत आली, लेकीच्या आधाराने. पातेलं उचललं आणि जरा वरून सोडलं. धप्प. एवढंच. तिने दुसऱ्यांदा सोडलं. मग डाव, मग झाकण. लेक म्हणाली, आई, पुरे. ती म्हणाली, तीस वर्षं दबकत भांडी ठेवलीयत, थोडं आपटू दे.

तेल तिलाच लावायचं होतं. लेक नको म्हणत होती. मिस्त्री म्हणाले, असू दे. ओट्याच्या बरोबर मधोमध, खिडकीखाली खुर्ची ठेवली. उभं राहून लावणं आता जमणार नव्हतं. वाटीत तेल कोमट करून दिलं. तिने तळहातात घेतलं आणि लाकडावर ठेवलं.

कोरडं लाकूड तेल पितं तेव्हा रंग एकदम उघडतो. हे मिस्त्रींनी शेकडो वेळा पाहिलं होतं. तरी ते बघत राहिले. तिचा हात फिरत होता तिथे तिथे लाकूड गडद होत होतं, आतल्या रेषा पाण्यातल्यासारख्या हलत होत्या. मसुराएवढा खिळ्याचा डाग आणि त्याच्या शेजारी त्याचा मोठा भाऊ, दोन्ही तिच्यासमोर आले. तिने त्यांच्यावर हात दोनदा फिरवला. डावीकडे हात जाईल तेवढा. उजवीकडे जाईल तेवढा. पुढे भिंतीपर्यंत पोचला नाही. खुर्ची सरकवू का, असं लेकीने विचारलं. ती दमली होती.

“आज एवढंच,” ती म्हणाली. “बाकीचं उद्या. पहिला हात घाईने लावायचा नसतो.”

हात पुसायला तिने फडकं मागितलं. पुसून झाल्यावर ते स्वतःच खुर्चीच्या पाठीवर पसरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिच्याने उठवलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मिस्त्री तेलाची वाटी झाकून ठेवत होते. रोज सकाळी ती पलंगावरून विचारायची, हात मारला नाहीत ना कुणी? ते म्हणायचे, नाही. नवव्या दिवशी तिने विचारलं नाही. अकराव्या दिवशी ती गेली. सकाळची वेळ होती, लेक औषध आणायला गेली होती, आणि मिस्त्री तिचा हात धरून बसले होते. त्यांना ते लगेच कळलं नाही. हात उबदार होता.

नंतर घरात माणसं आली, गेली. बाई आल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. वखारवाला आला आणि ओट्याकडे बघून बाहेर गेला.

ओटा महिनाभर तसाच राहिला. मधे एक गडद, अर्धगोल पसरलेला भाग. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे भिंतीलगत कोरडं, धुरकट लाकूड. स्वयंपाक लेक करायची, एका बाजूच्या स्टुलावर, ओट्याला हात न लावता. शेवटी एक दिवस तीच म्हणाली की बाबा, कोरड्या लाकडावर पाण्याचे थेंब उमटायला लागलेत, असं ठेवलं तर खराब होईल, आईला आवडलं नसतं. तेल मी लावू का? मिस्त्री म्हणाले, मी लावतो.

त्यांनी आयुष्यात कधी तेल लावलं नव्हतं. फर्निचर करून ते तिच्या पुढ्यात सरकवायचे, तिथून पुढे त्यांना काही माहीत नव्हतं. किती कोमट, किती वेळ, हे त्यांना आठवून आठवून करावं लागलं.

आधी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. सुताराची, चपटी. तिच्या हातातलं तेल जिथे संपलं होतं त्या कडेने ते बारकाईने रेघ ओढत गेले. डावीकडून वर, भिंतीच्या अलीकडून, उजवीकडे खाली. कड सरळ नव्हती. बोटांची टोकं गेली होती तिथे पुढे आलेली, मध्ये आत गेलेली. ते तिच्या मागे मागे गेले. रेघ ओढायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्यांना संबंध फळी रंधायला लागला नसता.

मग त्यांनी तळहातात तेल घेतलं आणि बाहेरच्या कडांपासून आत येत लावलं. पोटभर. रेघेपाशी आले की हात उचलायचे. संध्याकाळी सगळा ओटा एका रंगाचा झाला. कुठून कुठे कुणाचं ते सांगता येईना. फक्त तेलाखाली ती बारीक करडी रेघ राहिली.

लेक कामावरून आली. पर्स ठेवली, दिवा लावला, ओट्याजवळ आली. रेघेवरून बोट फिरवलं. लागलं काहीच नाही, ती लाकडात बसली होती.

“बाबा, हे खोडायचं राहिलं का?”

मिस्त्री फडकं दोरीवर पसरत होते.

“नाही,” ते म्हणाले. “ते माप आहे.”

ती रेघ कुठपर्यंत जाते ते लेकीने पाहिलं. मग खुर्ची ओढून मधोमध, खिडकीखाली ठेवली, तीवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. तिचे हात रेघेच्या थोडे अलीकडेच संपले. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि ते फडकं पुन्हा नीट करायला लागले, जरी ते नीटच होतं.